थंडीत बाहेर पडताना डोक्यावर काय घालायचं? हलकी पण उबदार टोपी कशी निवडायची

टोपी घेताना आपण सगळे साधारण एकच करतो, हातात घेऊन दाबून बघतो, जाड आहे ना मऊ आहे ना, डोक्यावर चढवतो, आरशात बघतो आणि घेऊन टाकतो. तिथे उभ्या उभ्या ती उबदार वाटणारच, कारण आपण हलत नसतो, घाम नसतो, वाराही नसतो. खरी परीक्षा होते ती तासभर चढ चढल्यावर, कपाळावरची पट्टी ओली झालेली असते आणि आपण दम खायला थांबतो तेव्हा. म्हणून मी टोपी निवडताना सगळ्यात आधी हेच बघते की घाम आल्यावर ही टोपी कशी वागेल. किती जाड आहे, किती ऊब देते हे सगळं त्याच्यानंतर.

हे मला कळलं ते पहिल्या मोठ्या हिवाळी ट्रेकला. मी जाडजूड विणलेली कानटोपी घेऊन गेले होते, आतून फरसारखं अस्तर, वर गोंडा, हातात घेतली तरी वजन जाणवायचं. पहाटे अंधारात निघालो तेव्हा इतकं छान वाटत होतं की बाकीच्यांच्या पातळ टोप्या बघून मला त्यांचीच काळजी वाटली. अर्ध्या तासात चढ सुरू झाला, डोकं तापायला लागलं, मानेवरून घामाचे ओघळ येत होते, पण टोपी काढली तर कान उघडे पडतील म्हणून मी ती काढलीच नाही. माथ्यावर पोचलो, सॅक टेकवली आणि वारा सुरू झाला. पाच मिनिटांत कपाळावर कोणी गार पाण्याचा फडका ठेवलाय असं वाटायला लागलं, भुवयांच्या वर कळ येत होती आणि दात वाजायला लागले. मला वाटलं टोपी कमी पडतेय म्हणून मी वरून मफलर गुंडाळायला लागले, तेवढ्यात बरोबरची एक अनुभवी ताई म्हणाली, "अगं आधी ती टोपी काढ, हात लावून बघ किती ओली आहे." तिने जॅकेटच्या आतल्या खिशातून एक पातळ टोपी काढून दिली, अक्षरशः मुठीत मावेल एवढी. ती घातली, वरून हुड ओढला आणि दोन-तीन मिनिटांत कळ थांबली. माझी टोपी पिळली तर थेंब पडले. रात्री ती तंबूच्या कडेला तशीच राहिली आणि सकाळी पाहिली तर लाकडासारखी कडक झाली होती, गोंड्यात बर्फाचे कण होते.

तेव्हापासून जाडी बघून टोपी घेणं सोडलं.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते का

हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो म्हणून आधीच लिहून टाकते. अमेरिकन लष्कराच्या १९७० सालच्या एका मॅन्युअलमध्ये डोक्यातून शरीराची ४० ते ४५ टक्के उष्णता जाते असं छापलं होतं आणि तो आकडा जगभर पसरला. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रेचल व्रीमन आणि एरन कॅरोल या डॉक्टरांनी हा समज खोडून काढला, डोकं काही बाकीच्या शरीरापेक्षा जास्त गळकं नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याचा पृष्ठभाग अख्ख्या शरीराच्या साधारण ७ ते ९ टक्के असतो, उष्णताही ढोबळमानाने त्याच हिशोबात जाते.

पण म्हणून टोपी नको असं मात्र अजिबात नाही. हात-पाय गार पडले की शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि उष्णता आत राखून ठेवतं, डोक्याच्या कातडीत ही आवळण्याची क्रिया फारच कमी होते. थंडी वाढली तरी तिकडे रक्त जात राहतं आणि उष्णताही जात राहते. शिवाय तुम्ही अंगभर नीट कपडे घातलेत आणि फक्त डोकं उघडं आहे, तर बाहेर जायला उष्णतेला तीच मोकळी जागा उरते. १९५७ साली फ्रोज आणि बर्टन या संशोधकांनी मोजमाप करून दाखवलं होतं की बाकी अंग नीट झाकलेल्या आणि शांत बसलेल्या माणसाचं डोकं उणे ४ अंशाला उघडं असेल, तर शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ निम्मी तिथून जाऊ शकते. म्हणजे कपडे कसे आहेत आणि तुम्ही बसलाय की पळताय यावर सगळं ठरतं. आणि यातच आपल्या कामाची गोष्ट आहे, डोकं ही शरीराचं तापमान कमी-जास्त करायची सगळ्यात सोपी जागा आहे. जॅकेट काढायला सॅक उतरवावी लागते, टोपी चालता चालता काढता येते.

कापड कुठलं

ऊब टोपीच्या धाग्याची नसते, धाग्यांच्या मधे अडकलेल्या हवेची असते. ती हवा स्थिर राहिली तर डोकं गरम. तिच्या जागी पाणी शिरलं की खेळ संपला, कारण पाणी स्थिर हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. एवढं लक्षात ठेवलं की कापड निवडणं सोपं होतं.

मेरिनो लोकर, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर, माझी सगळ्यात आवडती. साधी लोकर टोचते कारण तिच्यात जाड तंतू असतात, ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तंतू कातडीला बोचतात. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉनच्या खाली असतो, त्यामुळे तो टोचायच्या ऐवजी वाकतो. कपाळाला लोकर लागली की खाज सुटते अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी बारीक मेरिनो एकदा तरी घालून बघा. दुसरी गोष्ट म्हणजे लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत बाष्प तंतूच्या आत घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे थांबल्यावर तो एकदम गारठा येत नाही. वासही फार कमी येतो, चार-पाच दिवस तीच टोपी घातली तरी. तोटे पण सांगते, पूर्ण भिजली तर वाळायला वेळ लावते, पातळ मेरिनोला लवकर भोकं पडतात आणि किंमत जास्त असते. थोडं नायलॉन मिसळलेलं मेरिनो जास्त टिकतं, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

लेबलवर मेरिनोच्या कापडाचं वजन दिलेलं असतं, १५०, २००, २५० असं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅम. चालताना, पळताना १५० ते २०० पुरतं, २५० आणि त्याच्यावरचं हळू चालणाऱ्यांना किंवा खूप कडक थंडीला. बऱ्याच टोप्या दुहेरी कापडाच्या असतात, तेव्हा लेबलवर १५० लिहिलं असलं तरी डोक्यावर दोन थर आहेत हे विसरू नका.

फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरचं, वर मऊ लव काढलेलं कापड. १९७९ साली अमेरिकेतल्या माल्डन मिल्स या गिरणीने ते आणलं, पुढे पोलारटेक या नावाने ओळखलं जाणारं कापड याच गिरणीचं. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही, वजनाच्या अर्धा टक्काही नाही. पाणी फक्त तंतूंच्या मधे अडकतं, टोपी काढून दोन-तीनदा जोरात झटकली तर बरंचसं उडून जातं आणि उरलेलं डोक्याच्या उष्णतेने वाळतं. वजनाला हलकं, खिशाला परवडणारं, धुवायला सोपं. फ्लीसमधे १००, २००, ३०० असे आकडे सांगतात, आकडा वाढला की कापड जाड. टोपीसाठी १०० किंवा फार तर २०० च्या आसपासचं घ्या. आतून चौकटी चौकटी असलेलं ग्रिड फ्लीस मिळालं तर नक्की बघा, चौकटींच्या उंचवट्यात हवा राहते आणि मधल्या पातळ रेघांतून वाफ निघून जाते, सतत हालचाल असेल तर मला तरी याच्यासारखं दुसरं सापडलेलं नाही. फ्लीसचा मोठा दोष म्हणजे वारा आरपार जातो आणि दोन दिवसांत वास यायला लागतो.

ॲक्रिलिक म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, बाजारात ज्या जाड विणलेल्या टोप्या दिसतात त्यातल्या खूपशा याच्याच असतात, आणि लोक त्यांना सर्रास 'वूलन' म्हणतात. लेबल वाचा. ॲक्रिलिक वाईट असतं असं नाही, गावात फिरायला, सकाळी आरामात चालायला चांगलं आहे, पण जाड सैल विणीत धाग्यांच्या मधे भरपूर पाणी साठतं आणि वाराही शिरतो, माझी गोंड्याची टोपी याच जातीची होती. सुती टोपी किंवा सुती रुमाल मात्र हिवाळ्यात घाम येणाऱ्या कामाला अजिबात नको, कापूस पाणी पितो आणि सोडत नाही.

पिसं भरलेल्या, म्हणजे डाउनच्या टोप्या वजनाच्या मानाने सगळ्यात उबदार, पण फक्त कॅम्पवर बसायला आणि झोपायला. घामाने किंवा ओल्या बर्फाने पिसं चिकटली की फुगवटा जातो आणि फुगवटा गेला की ऊबही गेली. कॅशमिअर, अल्पाका वगैरे उंची लोकर छान मऊ असते पण झाडाच्या फांद्यांत, सॅकच्या पट्ट्यांत अडकून लगेच धागे निघतात, मी बाहेर वापरत नाही.

वाऱ्याचं काय करायचं

वाऱ्याला लोक कमी लेखतात. शून्य अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते साधारण उणे ६ सारखं लागतं. वारा नसला तरी सायकलवाला स्वतःचा वारा तयार करतो, ५ अंशाला ताशी २० च्या वेगाने गेलात की चेहऱ्याला १ अंशासारखं वाटतं. डोंगरात आणखी एक भर, उंची हजार मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशाने उतरतं, म्हणजे पायथ्याला बरोबर वाटलेली टोपी वर कमी पडू शकते.

म्हणून मग सगळे 'विंडप्रूफ' टोपी शोधतात. माझं मत थोडं वेगळं आहे. पूर्ण विंडप्रूफ टोपीत वाफ अडकते, डोकं उकडतं, आणि वर ऐकूही कमी येतं. जॅकेटला हुड असतो ना, तोच आपला वारा अडवणारा थर. टोपी श्वास घेणारी ठेवा, वारा सुटला की हुड ओढा, थांबला की मागे टाका. टोपीच्या आतच वारा अडवणारा पडदा शिवलेला असला की ही सोय जाते, तो आपल्याला उघडता-मिटता येत नाही. अपवाद दोन, एक म्हणजे ज्या टोपीत फक्त कानावर आणि कपाळावर वारा अडवणारी पट्टी असते आणि माथा साध्या फ्लीसचा असतो ती सायकल आणि पळण्यासाठी खरंच उत्तम. दुसरा, बर्फाळ उघड्या माळावर तासन्‌तास उभं राहायचं असेल तर.

आणि हुड वापरणार असाल तर दुकानात टोपी घालून त्याच्यावर स्वतःचा हुड ओढून बघा, मान वळवा. टोपी निसरडी असेल तर मान वळते पण हुड तिथेच राहतो आणि डोळ्यासमोर कापड येतं. रस्त्यावर चालताना हे धोक्याचं आहे.

प्रकार कुठला

साधी गोल बीनी, कान झाकणारी, ही पहिली. एकच घ्यायची असेल तर हीच घ्या, पातळ, बिनगोंड्याची, गोंडा हुडखाली आणि हेल्मेटखाली टोचतो. चांगली पातळ बीनी ४० ते ६० ग्रॅममधे येते, जाड विणलेली सहज १०० च्या वर जाते. घरी किचनचा वजनकाटा असेल तर टोपी त्यावर ठेवून बघाच, हातात हलकी वाटणारी टोपी काट्यावर काही वेगळंच सांगते.

हेडबँड म्हणजे फक्त कान आणि कपाळ झाकणारी पट्टी. पळणाऱ्यांना आणि जोरात चढणाऱ्यांना हा प्रकार फार उपयोगी, माथ्यावरून उष्णता निघून जाते आणि कान दुखत नाहीत. माझे केस लांब आहेत, वर अंबाडा बांधला की बीनी नीट बसत नाही, वर सरकत सरकत कान उघडे पडतात, तिथे हेडबँडने सुटका केली. मागे वेणीसाठी फट ठेवलेल्या टोप्याही मिळतात, केस लांब असतील तर त्या शोधून घ्या.

नळीसारखं गळ्यात घालायचं कापड, ज्याला सगळे बफ म्हणतात (ते खरं तर एका स्पॅनिश कंपनीचं ब्रँडनेम आहे), ही माझ्या मते सगळ्यात हुशार वस्तू आहे. गळ्यात घाला, नाकावर ओढा, दुमडून हेडबँड करा, एका टोकाला पीळ देऊन उलटवलं की टोपी. वजन ४० ग्रॅमच्या आसपास. मफलरपेक्षा कितीतरी बरी, लोंबत नाही, चढताना कशात अडकत नाही.

माकडटोपी, म्हणजे बालाक्लावा. क्रिमियातल्या बालाक्लावा गावावरून हे नाव आलं, तिथे १८५४ साली लढाई झाली होती आणि त्या युद्धातल्या सैनिकांना थंडीसाठी अशा विणलेल्या टोप्या पाठवल्या गेल्या होत्या. आपल्याकडची जाड माकडटोपी डोळ्यासमोर आणू नका, आता पातळ मेरिनोच्या किंवा ग्रिड फ्लीसच्या येतात, तोंडावरचा भाग हनुवटीखाली ओढता येतो. कडक थंडी आणि वारा असेल तर टोपी आणि गळपट्टा यांच्या मधली फट ही एकच वस्तू बंद करते. चष्मेवाल्यांनी मात्र घेताना चष्मा लावून बघा, नाकावरून कापड गेलं की श्वासाची वाफ थेट काचेवर जाते, नाकाखाली घडी घालता येईल किंवा नाकाजवळ भोकं असतील असाच प्रकार घ्या.

टोपी कुणाची कशी हे कामावर ठरतं

पळणारा माणूस थोड्याच वेळात घामाघूम होतो, त्याला निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातून बाहेर पडताना टोपीत मस्त उबदार वाटत असेल तर ती टोपी पळण्यासाठी जास्त गरम आहे असं समजा. ट्रेकमधे चढ, उतार, थांबे असं सगळं मिसळलेलं असतं, तिथे एका टोपीत भागत नाही, त्याबद्दल खाली लिहिते. पक्षी बघणारे, फोटो काढणारे, रात्री आकाश बघणारे यांचं गणित बरोबर उलटं, ते तासन्‌तास हलत नाहीत, त्यांच्या शरीरात उष्णता तयारच कमी होते, त्यांनी सरळ जाड टोपी घ्यावी, आत पातळ बीनी आणि वर जाड फ्लीस असे दोन थर केले तर अजून चांगलं. आणि पाठीवरच्या कॅरिअरमधे बसलेलं लहान मूल याच गटातलं, चढून घामाघूम झालेले आई-बाबा स्वतःला गरम होतंय म्हणून मुलाची टोपी काढतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, ते मूल हलत नसतं हो. मुलांच्या टोपीला गळ्याभोवती बांधायची नाडी नको, खेळताना कुठेही अडकते, हनुवटीखाली वेल्क्रो किंवा दाबाचं बटण असलेली बघा, ओढली की सुटणारी.

हेल्मेटखाली घालायची टोपी हा वेगळाच विषय. हेल्मेट डोक्याला घट्ट, सरळ बसलं तरच काम करतं, खाली जाड टोपी घातली की ते वर उचललं जातं आणि पडल्यावर सरकतं. म्हणून हेल्मेटखाली फक्त पातळ स्कल कॅप, म्हणजे डोक्याला चिकटून बसणारी टोपी, शिवणी चपट्या असलेली, माथ्यावर गाठ किंवा टॅग नसलेली. आणि टोपी घालून हेल्मेटचा पट्टा आणि मागचं चक्र पुन्हा लावून बघायचं. हेल्मेटबरोबर आलेलं माहितीपत्रकही वाचा, त्यात आत काय घालायचं काय नाही हे लिहिलेलं असेल तर तेच पाळा. टोपी घातल्यावर हेल्मेट बसतच नसेल तर टोपी बदलायची, पट्टा सैल करून चालवायचं नाही, इथे मी अजिबात तडजोड करत नाही.

घेण्याआधी काय काय तपासायचं

डोक्याचा घेर मोजा, टेप भुवयांच्या जरा वर, कानांच्या वरून आणि मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर आहे तिथून. मोठ्या माणसांचा घेर साधारण ५४ ते ६२ सेंटीमीटरमधे असतो. 'फ्री साइज'वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, मोठं डोकं असेल तर ती कपाळ आवळते आणि दोन तासांनी डोकं दुखतं, लहान असेल तर वर सरकते. घालून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा आणि काढून आरशात बघा, कपाळावर लाल वळ उठला असेल तर ठेवून द्या.

कानाची पाळी पूर्ण झाकली जातेय का बघा, फक्त वरचा कान नाही. मग खाली वाका, वर आकाशाकडे बघा, जांभई दिल्यासारखं तोंड उघडा, टोपी इतक्यात वर सरकली तर डोंगरात दर दहा पावलांनी ओढावी लागेल.

कापड तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला हवा किती लागते त्यावरून वारा किती शिरेल याचा चांगला अंदाज येतो. उजेडासमोर धरून जरा ताणा, विणीतून सरळ पलीकडचं दिसत असेल तर वाऱ्यात तुम्हाला हुड लागणारच. टोपी चारी बाजूंनी ताणून सोडा, लगेच मूळ आकारात यायला हवी.

घरी आणल्यावर टॅग काढायच्या आधी एक प्रयोग करा, माझ्या मते हा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो. टोपी घालून दहा मिनिटं जिने चढ-उतर करा, भरभर. लगेच उघड्या खिडकीत किंवा गच्चीवर जाऊन पाच मिनिटं शांत उभे राहा. कपाळ गार पडलं, टोपी चिकट लागली, तर तिला बाहेर नेल्यावर हेच होणार. जुन्या टोप्यांवर अजून एक करता येतं, टोपी भिजवून, पिळून काट्यावर ठेवा आणि कोरड्या वजनाशी ताडून बघा. माझ्या त्या गोंड्याच्या टोपीचं वजन पिळल्यावरही दुपटीच्या वर भरलं होतं, पातळ फ्लीसची टोपी पिळून झटकल्यावर जेमतेम काही ग्रॅम वाढली.

एक जाड घेण्यापेक्षा दोन पातळ

माझ्याकडे ट्रेकला तीन गोष्टी असतात, पातळ मेरिनोची बीनी, गळ्यात बफ आणि कोरड्या पिशवीत बांधलेली जरा जाड फ्लीसची टोपी. तिन्ही मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्या एका गोंड्याच्या टोपीएवढं. पिशवीतली टोपी चालताना कधीच बाहेर काढायची नाही, ती फक्त थांबल्यावर आणि झोपताना. ही एक शिस्त पाळली की रात्री कोरडी टोपी हमखास मिळते.

आणि वापरायची पद्धत. चढ दिसला की घाम यायच्या आधी टोपी वर सारा किंवा काढून खिशात टाका, घाम आल्यावर काढून उपयोग नाही, केस ओले झालेले असतात. वर पोचायच्या शेवटच्या वळणावर, थांबायच्या आधी, बफ कानावर ओढा. थांबलात की बाकी काहीही करायच्या आधी ओली टोपी काढून कोरडी घाला आणि हुड ओढा. ओली टोपी जॅकेटच्या आत पोटाशी ठेवली तर अंगाच्या उबेने पुष्कळ वाळते, सॅकच्या बाहेर लटकवली तर गोठते. झोपताना टोपी हवीच, पण स्लीपिंग बॅगमधे तोंड खुपसून श्वास सोडू नका, ती वाफ बॅगेतच ओल धरते. त्यापेक्षा नाकावर बफ घ्या.

खूप थंडीत सोबतच्या माणसाच्या कानाच्या पाळीवर आणि नाकाच्या टोकावर अधूनमधून नजर टाका, स्वतःला ते दिसत नाही. कातडी पांढुरकी, मेणासारखी दिसायला लागली आणि बधिर झाली की लगेच आडोशाला जाऊन ऊबदार तळहात त्यावर नुसता ठेवायचा, चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. कातडी कडक लागली किंवा ऊब देऊनही बधिरपणा गेला नाही तर तिथेच थांबा, खाली उतरा आणि डॉक्टर गाठा. कानात धातूचे डूल असतील तर कडक थंडीत निघायच्या आधीच काढून ठेवा, धातू भराभर गार पडतो आणि पाळीला चिकटून बसलेला असतो.

धुणं आणि टिकवणं

टोपीला डोक्याचं तेल लागतं, तेलाने फ्लीसची लव चपटी होते आणि लोकर जड लागते, म्हणून धुवायचा कंटाळा करू नका. मेरिनो गार किंवा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, पिळा न देता टॉवेलमधे गुंडाळून दाबायची आणि सपाट जागेवर सावलीत पसरायची. गरम पाणी आणि घासणं यामुळे लोकर आक्रसते आणि मग ती मुलांच्याच डोक्याला बसते. फॅब्रिक सॉफ्टनर मेरिनो आणि फ्लीस दोन्हीला नको, तंतूंवर थर चढतो आणि घाम बाहेर टाकायची क्षमता कमी होते. हीटरवर किंवा शेकोटीजवळ टोपी वाळवू नका, पॉलिएस्टर वितळतं, ठिणगीनेही भोक पडतं. उन्हाळ्यात लोकरीच्या टोप्या धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवायच्या, कसर घामाच्या डागांवर आधी लागते.

टोपीची खालची कड सैल झाली आणि कान झाकायला सारखी ओढावी लागली की मी ती बाहेर नेणं बंद करते, तिला झोपायच्या पिशवीत टाकते, आणि पुढच्या ट्रेकच्या आधी नवीन टोपी घालून पुन्हा जिने चढते.